उणे आठ डोळे

लांडगा कोळ्यांचं घराणं नजरेसाठी ओळखलं जातं. खाली चार बारीक डोळ्यांची ओळ, तिच्यावर समोर रोखलेले दोन टपोरे डोळे आणि माथ्याच्या अंगाला, जरा मागे, आणखी दोन. जाळं विणून कुणी येऊन अडकायची वाट बघत बसणं या मंडळींच्या स्वभावात नाही. भक्ष्य हेरायचं, धावायचं आणि झडप घालायची, ही त्यांची रीत. रात्री शेताच्या बांधावर विजेरी डोळ्यांच्या रेषेत धरून गवतावर उजेड टाकला, तर हिरवट ठिणग्या चमकताना दिसतात. त्या बहुतेक यांच्याच. डोळ्याच्या आतला परावर्तक पडदा अंधुक उजेडसुद्धा वाया जाऊ देत नाही. निसटून चाललेला किरण परत फिरवून तो पुन्हा पाहण्याच्या कामी लावतो. अशा दृष्टिसंपन्न कुळात एक कोळी असा आहे की त्याला डोळाच नाही. आठांतला एकही नाही, आणि जिथे ते असायला हवेत तिथे खूणही नाही.

त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅडेलोकोसा अनॉप्स. हवाई बेटांपैकी कौआई बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर कोलोआ आणि पोईपू ही गावं आहेत. त्यांच्या आसपासच्या जमिनीखाली लाव्हाच्या नळ्या आहेत, आणि त्या नळ्यांच्या अंधारात हा राहतो. जगात दुसरीकडे कुठेही नाही. होनोलुलूच्या बिशप म्युझियमचे कीटकशास्त्रज्ञ फ्रान्सिस हॉवर्थ यांच्या नजरेला तो 1971 साली पडला. अमेरिकेतले कोळ्यांचे मोठे अभ्यासक विलिस गर्ट्श यांनी 1973 साली त्याचं रीतसर वर्णन केलं आणि त्याच्यासाठी नवी प्रजातीच मांडली. त्या प्रजातीत आजही तो एकटाच आहे.

जिला कर्ता नाही अशा रचनेचं रसग्रहण करावं का, असं कुणी विचारील. जात्यावरच्या ओवीचा कर्ता सापडत नाही म्हणून आपण तिच्यातली नेमकी जागा दाखवायचं थांबत नाही, तसंच हे. मात्र हे वाचन करताना एक धोका सुरुवातीलाच ओळखून ठेवावा लागतो. आंधळा कोळी म्हटला की मनात पहिला सूर उमटतो तो कणवेचा. बिचारा, अंधारात अडकला आणि डोळे गमावून बसला! हा सूर मला चुकीच्या जागी लागलेला वाटतो. करुण रस या कहाणीत आहे, पण कोळ्याच्या देहात नाही. तो कुठे आहे हे कळायचं, तर आधी देह नीट वाचायला हवा.

आकारापासून सुरुवात करू. हा कोळी फार तर दोन सेंटिमीटर लांबीचा. पुढचा भाग फिकट तपकिरीकडून नारिंगीकडे झुकणारा, पोट मळकट पांढरं, पाय नारिंगी आणि अर्धवट पारदर्शक. उघड्यावर राहणारे लांडगा कोळी राखाडी, मातकट, पट्ट्यापट्ट्यांचे असतात. कारण त्यांना वाळलेल्या पानांत आणि ढेकळांत लपायचं असतं. रंग हा पाहणाऱ्यासाठी असतो. पाहणाराच नसेल तर नक्षीचं काम संपतं. इथे अंगावरची सगळी नक्षी उतरली आहे आणि उरला आहे तो देहाच्या घडणीचा मूळ रंग. आपल्याला तो फिका न वाटता उजळ वाटतो, ही गंमत आहे. आणि तो उजळपणा गुहेतल्या कुणालाच ठाऊक नाही. आपण दिवा घेऊन गेलो म्हणून तो आहे.

आता डोळ्यांकडे येऊ. ते का गेले याची दोन उत्तरं गुहाजीवांचे अभ्यासक सहसा देतात. पहिलं असं, की डोळा आणि त्यामागचा मेंदूचा भाग हे शरीरातलं खर्चिक काम; जिथे अन्न तुटपुंजं तिथे तो खर्च टाळणारा टिकतो. दुसरं असं, की उजेडात डोळ्यातला बिघाड जीव घेतो, म्हणून तो पुढच्या पिढीत जात नाही. अंधारात त्या बिघाडाला कुणी अडवत नाही, आणि बिघाड साचत साचत डोळा पुसला जातो. दोन्हींत तथ्य असू शकतं. पण दोन्ही उत्तरं फक्त वजाबाकी सांगतात. या कोळ्याच्या पायांकडे पाहिलं की तेवढ्यावर थांबता येत नाही.

आठही पायांच्या शेवटच्या दोन पेरांवर बारीक संवेदी केस आहेत. कोळ्यांमध्ये असे केस सर्रास असतात. हवा जराशी हलली तरी ते डोलतात आणि आसपास काहीतरी सरकल्याची वर्दी देतात. या कोळ्याचे ते केस मात्र नेहमीपेक्षा लांब आहेत, रेशमासारखे मऊ आणि चमकदार आहेत. जातीची ओळख पटवणाऱ्या शास्त्रीय वर्णनात ही गोष्ट आवर्जून नोंदलेली असते. माझ्या लेखी ही या रचनेतली सर्वांत सुंदर जागा. डोळ्यांचा अभाव लगेच नजरेत भरतो आणि सगळी चर्चा तिथेच अडते. पण आठ डोळ्यांच्या जागी आठ पायांनी काय उचलून धरलं आहे, ते या केसांत आहे. कपाळावर एकवटलेली जाण आता टोकांपर्यंत पसरली आहे. पाय हे धावण्याचं साधन होतं. ते आता धावता धावता जाणून घेण्याचंही झालं आहे. स्पर्श आणि वास या दोन्हींच्या वाटेने भक्ष्याचा माग लागतो.

आणि तो लागला की पुढची चाल अगदी घराण्याची! हा कोळी जाळं विणत नाही. पुष्कळ गुहावासी कोळी जाळं लावून बसतात, आणि अंधारात ते शहाणपणाचंही वाटतं. हा मात्र दबकत जातो, माग काढतो आणि भक्ष्य गाठतो. जबड्यांच्या मागच्या कडेवर तीन मोठे दात आहेत, पुढच्या दोन पायजोड्यांच्या नडग्यांवर खालच्या अंगाने काट्यांच्या चार-चार जोड्या आहेत. धरलेलं निसटू नये, अशीच ही सगळी योजना दिसते. नजर गेली तरी शिकाऱ्याचा बाणा गेला नाही. ज्या गोष्टीवर घराण्याची सारी कीर्ती उभी, ती काढून घेतल्यावरही घराणं ओळखू यावं, हे मला थोर वाटतं.

त्वचेचं वाचन अवघड आहे, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. कोळ्याच्या अंगावर मेणचट थर असतो आणि तो आतलं पाणी राखतो. गुहेच्या खोल भागात हवा बाष्पाने जवळजवळ पूर्ण भरलेली असते. तिथे हा बंदोबस्त फारसा लागत नाही. हवाई बेटावरच्या गुहेतल्या एका लांडगा कोळ्याची आणि उघड्या लाव्हावर राहणाऱ्या त्याच्या नातलगाची तुलना 1981 साली प्रसिद्ध झाली. गुहेतला कोळी पाणी लवकर गमावतो आणि त्याच्या शरीराचा एरवीचा खर्चही कमी असतो, असं तीत दिसलं. कौआईच्या कोळ्यालाही अशीच ओलसर, स्थिर हवा लागते. कोरड्या वाऱ्याची एक झुळूक गुहेत खोलवर पोचली तरी त्याला माघार घ्यावी लागते. क्षेमेंद्राने काव्याचा प्राण औचित्यात पाहिला: प्रत्येक गोष्ट तिच्या जागी शोभली पाहिजे. इथे शोभण्याची हद्द फार काटेकोर आखलेली आहे. तिच्या आत या देहात एकही उणीव नाही, आणि तिच्या बाहेर त्याला जगता येत नाही.

यानंतर येतो तो भाग, जो पुष्कळदा एका ओळीत उरकला जातो. मला मात्र तिथे सर्वाधिक रेंगाळावंसं वाटतं. लांडगा कोळ्याची मादी आईपणासाठी प्रसिद्ध आहे. अंड्यांची गोल पिशवी ती पोटाच्या टोकाला चिकटवून घेऊन हिंडते आणि पिल्लं बाहेर आली की ती तिच्या पाठीवर चढून बसतात. उघड्यावरच्या कितीतरी जातींत एका पिशवीत शंभराच्या वर अंडी असतात. कौआईची ही मादी फक्त 15 ते 30 अंडी घालते. पिशवी ती तोंडाने धरून वागवते. अंड्यांतून निघणारी पिल्लं लांडगा कोळ्यांच्या मानाने चांगलीच मोठी असतात आणि आईच्या पाठीवर जेमतेम थोडे दिवस थांबतात.

हे हिशोब एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. मोकळ्या माळावर शंभर पिल्लं सोडली तर त्यांतली दोन-चार तगली तरी वंश चालतो. तिथे अन्न आहे, पसरायला जागा आहे. गुहेत चिमुकलं पिल्लू कुणाला पकडणार? त्याच्या मापाचं भक्ष्य तिथे विरळ. म्हणून आई संख्येवरचा खर्च काढून एकेका पिल्लाच्या देहावर लावते. ते जन्मतःच इतकं तयार असतं की चार-सहा पावलांत आपला आपण माग काढू लागावं. पाठीवरचा मुक्काम लहान आहे याचा अर्थ माया आटली असा लावणं हा माणसाचा उतावळेपणा. माया अंड्यातच घालून ठेवली आहे, पाठीवर फिरवायला ती फारशी उरलेली नाही. डोळे गेले ही या कोळ्याची प्रसिद्ध ओळ. 15 ते 30 ही त्याची खरी ओळ आहे. एका परक्या जागेत राहायला गेलेल्या घराण्याने आपली जीवनशैली मुळापासून कशी फेरमांडली, ते या आकड्यात कळतं.

हे सगळं चालतं कशावर? गुहेत ऊन नाही, हिरवं पान नाही. पण छत पातळ आहे, आणि वरच्या झाडांची मुळं लाव्हाच्या भेगांतून खाली उतरून गुहेत लोंबतात. कुजणारी मुळं खाऊन तिथे एक फिकट, पारदर्शक, सेंटिमीटरपर्यंत वाढणारा, झिंग्याच्या दूरच्या नात्यातला प्राणी जगतो: स्पेलिऑर्केस्टिया कोलोआना. समुद्रकाठच्या वाळूत टुणटुण उड्या मारणाऱ्या कवचधाऱ्यांचा हा भाऊबंद. तोही डोळ्यांवाचून, तोही फक्त याच भागातला. 1976 साली त्याचं वर्णन झालं. कोळ्याचं मुख्य भक्ष्य हाच. म्हणजे साखळी अशी: वर ऊन, उन्हावर झाड, झाडाचं मूळ गुहेत, मुळावर हा प्राणी, प्राण्यावर कोळी. कोळ्याने कधी न पाहिलेला सूर्य त्याच्यापर्यंत मुळांतून उतरून येतो.

जागाही वाचली पाहिजे. वाहत्या लाव्हाचा वरचा पापुद्रा थंड होऊन घट्ट होतो, आतला रस पुढे वाहत राहतो आणि ओघ आटला की मागे पोकळ नळी उरते. आपल्या अजिंठ्या-वेरूळचा खडकही लाव्हाचाच, पण तिथली पोकळी छिन्नीने कोरलेली आहे. कोलोआची पोकळी लाव्हाने वाहता वाहता स्वतःच घडवली. कौआई हे हवाईच्या मुख्य बेटांतलं जुनं बेट, वय सुमारे पन्नास लाख वर्षं. इतक्या काळात जुन्या लाव्हाच्या नळ्या झिजतात, ढासळतात, मातीने बुजतात. कोलोआचा लाव्हा उशिराच्या उद्रेकांतला, म्हणून तिथे पोकळ्या शिल्लक आहेत. या कोळ्याचं सारं जग सुमारे 10.5 चौरस किलोमीटरचं. त्यात मोजक्या गुहांतच तो आढळला आहे, आणि नेमाने दिसतो तो जवळपास एकाच गुहेत. तिथेही एका भेटीत तिशीच्या पलीकडे कोळी मोजले गेल्याचं ऐकिवात नाही.

पण हा आकडा कोळ्यांचा आहे की आपल्या अंगकाठीचा? हॉवर्थ यांनी गुहाजीवांविषयी मांडलेला एक विचार इथे फार उपयोगी पडतो. माणूस ज्याला गुहा म्हणतो ती माणूस आत शिरू शकेल एवढी पोकळी. लाव्हाच्या खडकात त्याहून कितीतरी जास्त जागा असते ती मिलिमीटरपासून वीतभर रुंदीपर्यंतच्या भेगांची, फटींची, बुडबुड्यांची. गुहाजीवांचं खरं घर हे फटींचं जाळं. गुहा ही त्या घराची एखादी खिडकी, आणि आपण तिच्याशी उभं राहून आत डोकावणारे. याचा अर्थ कोळी मुबलक आहेत असा मुळीच नाही. अर्थ एवढाच, की दुर्मीळ हा शब्द उच्चारताना आपण ज्या फूटपट्टीने मोजतो, ती आपल्या खांद्यांच्या रुंदीची आहे.

या कोळ्याचं परंपरेतलं स्थानही लहान नाही. गुहाजीवांचं शास्त्र युरोपात जन्मलं. स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना गुहेत 1831 साली आंधळा भुंगेरा सापडला, आणि 1847 साली डॅनिश अभ्यासक श्योड्ट यांनी त्याच प्रदेशातल्या स्टॅलिटा टेनारिया या गुहावासी कोळ्याचं वर्णन केलं. पुढे फ्रेंच अभ्यासक रने जानेल यांच्या प्रभावाने असं मानलं जाऊ लागलं, की हिमयुगांच्या उलथापालथीत वरची भावंडं नष्ट झाली आणि गुहेत आसरा घेतलेले जीव तेवढे मागे उरले. या हिशोबाने उष्ण कटिबंधात, त्यातही समुद्रातून उगवलेल्या कोवळ्या ज्वालामुखी बेटांवर, खरे गुहाजीव असण्याचं कारणच नव्हतं. हॉवर्थ यांना 1971 साली हवाईच्या लाव्हानळ्यांत एकामागून एक असे जीव सापडले. 1972 साली त्यांनी ते ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. गर्ट्श यांनी 1973 मध्ये कौआईच्या कोळ्याबरोबरच हवाई बेटावरच्या गुहेतला एक लांडगा कोळीही वर्णिला. त्याचे डोळे बारीक झाले आहेत, पण आहेत. वरची भावंडं जिवंत असताना, नुसती नवी जागा आणि तिथलं अन्न खुणावतं म्हणूनही एखादं घराणं अंधारात उतरू शकतं, असं हॉवर्थ यांचं म्हणणं. म्हणजे हा कोळी हिमयुगाच्या तडाख्यातून वाचलेला निर्वासित ठरत नाही. तो नव्या मुलखात वस्ती करणारा ठरतो. ‘बिचारा’ हा सूर इथे पुरता मोडतो.

मग करुण रस आहे कुठे? तो छताच्या वर आहे. हवाईतला व्यापारी यश मिळालेला पहिला ऊसमळा 1835 साली कोलोआतच उभा राहिला. नांगरलेल्या रानातली माती पावसाबरोबर झिरपून फटी बुजवते. उसाचे दिवस सरले आणि पोईपूचा किनारा पर्यटकांचा झाला: हॉटेलं, घरं, गोल्फची मैदानं, रस्ते, दगडाच्या खाणी. इमारतीखाली छत कोसळतं, डांबराखाली मूळ उतरत नाही, हिरवळीवर फवारलेलं कीटकनाशक पाण्याबरोबर खाली जातं. बाहेरून आलेल्या कोळ्यांच्या जाती गुहेत शिरून वाटेकरी होतात. हौसेने आत उतरलेल्या माणसाच्या सिगारेटचा धूरसुद्धा घातक, कारण निकोटीन हे जालीम कीटकनाशक आहे. यातल्या एकाही संकटाला त्या लांब रेशमी केसांकडे उत्तर नाही. भक्ष्याने ढवळलेली हवा ते ओळखतात. मूळ सुकल्याची वर्दी ते देऊ शकत नाहीत. आणि जो वंश एका वेळी 15 ते 30 अंड्यांवर चालतो, त्याला झालेली हानी लवकर भरून काढता येत नाही. गुहेच्या आत जे औचित्य होतं, तेच बाहेरच्या घाईपुढे दुबळेपण होतं. करुण रस निर्माण होतो तो या ठिकाणी.

अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने जानेवारी 2000 मध्ये कोळी आणि त्याचं भक्ष्य या दोघांनाही एकत्रच संकटग्रस्त जाहीर केलं. ही जोडी तोडता येत नाही, हे त्या निर्णयातलं शहाणपण मला आवडतं. 2003 साली 14 तुकड्यांत मिळून सुमारे 110 हेक्टर जमीन त्यांच्यासाठी महत्त्वाचा अधिवास म्हणून नोंदली गेली; ज्ञात प्रदेशाचा हा साधारण दहावा हिस्सा. 2006 साली पुनरुज्जीवनाचा आराखडा आला. त्यातला गाभा पाहण्यासारखा आहे: गुहांमध्ये माणसांची ये-जा आवरायची, आणि गुहांच्या माथ्यावर स्थानिक झाडंझुडपं वाढवायची, म्हणजे मुळं पुन्हा खाली उतरतील.

हा आराखडा मला या कोळ्याचं उत्तम रसग्रहण वाटतो. त्यात डोळ्यांबद्दल हळहळ नाही, कोळ्याला पिंजऱ्यात घालून दाखवण्याची हौस नाही. कोळ्याचं सौंदर्य ज्यावर तोललेलं आहे त्या ओलाव्यावर आणि मुळावर त्याचं लक्ष आहे. एखादी कलाकृती जवळून पाहिल्याखेरीज तिचा आस्वाद पुरा होत नाही असं आपण मानतो. इथे तो हट्ट सोडावा लागतो. या कोळ्याला पाहायला जाणारा प्रत्येक जण त्याच्या हवेत आपल्या अंगाची ऊब आणि दिव्याची कोरडी आच सोडून येतो. ज्याला ही रचना खरोखर भावली त्याने कोलोआच्या गुहेत उतरू नये. वरच्या जमिनीचा व्यवहार ठरत असेल तिथे जावं आणि झाड तोडू देऊ नये.